स्वस्त घर, दोन गाड्या

ताई, आम्ही तीन वर्षं इंग्लंडमधल्या रीडिंगमध्ये एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहतोय. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. नवऱ्याचं ऑफिस रीडिंगलाच, आठवड्यातून दोन दिवस जावं लागतं. आता त्यानं स्विंडन गावाच्या पश्चिम भागात, वेस्ट स्विंडनमध्ये, तीन बेडरूमचं घर बघून ठेवलंय. मागे बाग, पुढे गाडी लावायला जागा, आणि हप्ता जवळपास इथल्या भाड्याएवढाच. तो नुसता हरखलाय. मला मात्र त्या रविवारी पाऊण तासात रस्त्यावर एकच माणूस चालताना दिसलं, तेही कुत्र्याला फिरवायला निघालेलं. मी गाडी चालवत नाही. नाशिकला ॲक्टिव्हा होती तेवढीच. सासूबाई दर उन्हाळ्यात येतात, चांगल्या पाच महिने राहतात. 'गाडी आहे ना आपल्याकडे' असं नवरा म्हणतो. मी उगाच खोडा घालतेय का?
रीडिंगहून एक वाचक

उगाच नाही गं. त्या वाक्यातलं 'आपल्याकडे' तेवढं तपासून बघ. ऑफिसच्या दोन दिवशी गाडी सकाळी सातला स्टेशनच्या पार्किंगमध्ये जाऊन उभी राहणार. उरलेल्या तीन दिवशी ती दारात असेल, पण चालवणारा वरच्या खोलीत मीटिंगला बसलेला असेल. म्हणजे कोथिंबिरीची जुडी आणायची तरी आधी जिना चढून विचारायचं.

मी वेस्ट स्विंडनमध्ये २००९ पासून राहते. त्यातली पहिली दोन वर्षं लायसन्स नसताना काढली, म्हणून सांगते. टूटहिल, फ्रेशब्रुक, वेस्टली, ग्रेंज पार्क, शॉ या सगळ्या वस्त्या १९७०च्या दशकाच्या मध्यापासून पुढे, एम-४ महामार्गाच्या १६ नंबरच्या जंक्शनजवळ, शेतजमिनीवर एकेक करून उठल्या. त्यांना इथे 'व्हिलेज' म्हणतात. पार नाही, चावडी नाही, नाव मात्र खेड्याचं! प्रत्येकीत चार दुकानं, एक प्राथमिक शाळा आणि जमलं तर एक पब. मध्यभागी मोठं ॲस्डा सुपरमार्केट आणि त्याला लागून १९८५ साली उघडलेलं लिंक सेंटर. तिथे बर्फावर स्केटिंग करता येतं. स्विंडन हे रेल्वेच्या कारखान्यामुळे वाढलेलं गाव. तो कारखाना १९८६ मध्ये बंद झाला, आणि त्याच सुमारास गाव पुरतं गाडीच्या ताब्यात गेलं. होंडा इथे गाड्या बनवायची. तिनंही २०२१ मध्ये गाशा गुंडाळला. गाड्या बनवणं गेलं, गाडीवाचून अडणं तेवढं राहिलं.

पण एक गोष्ट घर दाखवणारा एजंट सांगत नाही, कारण तो स्वतः गाडीतून येतो. इथले रस्ते वळत वळत आत शिरतात आणि पाच-सहा घरांपाशी संपतात. गाडीनं शेजारच्या गल्लीत जायचं तर मोठा वळसा पडतो. पायी मात्र कुंपणांच्या मधून पायवाटा आहेत, मोठ्या रस्त्यांखालून भुयारी वाटा आहेत. मला त्या सापडायला सहा महिने लागले, कारण मीही नवऱ्याच्या शेजारच्या सीटवरूनच गाव बघत होते. ज्या दुकानाला आम्ही गाडीनं जायचो ते पायी सात मिनिटांवर निघालं. अर्थात नोव्हेंबरात साडेचारलाच काळोख होतो, आणि ओल्या पानांनी भरलेल्या भुयारातून बाबागाडी ढकलत जायला माझं मन आजही घेत नाही.

म्हणून 'वेस्ट स्विंडन चांगलं की वाईट' हे विचारूच नकोस. या घरापासून या शाळेपर्यंत, या बसथांब्यापर्यंत पायी किती, ते विचार. एकाच वस्तीत दोन घरांत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि किमतीत तो दिसत नाही. मुलाची शाळा पायी दहा मिनिटांत असेल तर तुझे दिवसाचे चार प्रवास सुटले. तो ज्या सप्टेंबरात रिसेप्शनला, म्हणजे इथल्या शाळेच्या पहिल्या वर्गाला, जाईल, त्याआधीच्या १५ जानेवारीपर्यंत अर्ज द्यावा लागतो. जवळच्या शाळेतल्या जागा भरल्या असतील तर मुलाला दुसऱ्या व्हिलेजमधली शाळा मिळू शकते. आठ वर्षांखालच्या मुलाला फुकट वाहन मिळतं ते जवळची योग्य शाळा दोन मैलांपलीकडे असेल तरच. पावणेदोन मैलांवर असेल तर तू आणि तुझी छत्री. घर ठरवण्याआधी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन करून विचारा.

आता तुझ्या लायसन्सचं बघू. खरं सांगायचं तर घराआधी तेच.

भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालतं. तुला तीन वर्षं झाली, आणि तुझं बहुतेक दुचाकीचंच असेल, तेव्हा तो विषय संपला. प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स, काढ, ऑनलाइन ३४ पौंड. मग थिअरी, २३ पौंड: ५० प्रश्नांपैकी ४३ बरोबर यावे लागतात, शिवाय धोका ओळखण्याचे व्हिडिओ, त्यात ७५ पैकी ४४. ज्यांनी आयुष्यभर परीक्षा दिल्या त्या आपल्या लोकांना हे जड नाही. पास झालीस की ते दोन वर्षं टिकतं. प्रॅक्टिकल सोमवार ते शुक्रवार ६२ पौंड, पण तारीख मिळायलाच महिनोन् महिने जातात. तेव्हा हे सगळं रीडिंगमध्ये असतानाच सुरू कर. घर मिळालं आणि लायसन्स नाही, अशी मधली दोन वर्षं मी जगले आहे. त्या काळात माझा आवाज फक्त मुलांवर ओरडायला वापरात होता.

'मीच शिकवतो' असं जावईबापू म्हणतील. शिकाऊ चालकाशेजारी बसणाऱ्याचं वय २१च्या वर असावं लागतं आणि इथलं किंवा युरोपातलं पूर्ण लायसन्स घेऊन त्याला तीन वर्षं झालेली असावी लागतात. भारतातली दहा वर्षं त्यात धरत नाहीत. आणि तीन वर्षं झाली असतील तरी पैसे देऊन शिक्षक लाव; क्लचवरून मोडायला आलेले संसार मी पाहिलेत. ऑटोमॅटिकवर पास झालीस तर फक्त ऑटोमॅटिकच चालवता येते. मी तेच केलं, पश्चात्ताप नाही. दोनदा नापास झाले, दोन्ही वेळा आरशात न बघितल्यामुळे. आपल्याकडे मागचा हॉर्न वाजवतो, म्हणून आपण आरशात बघतच नाही.

इथल्या 'मॅजिक राउंडअबाउट' या चक्राकार चौकाची मात्र धास्ती घेऊ नकोस. १९७२ पासून आहे, एका मोठ्या वर्तुळाभोवती पाच छोटी वर्तुळं, आणि आतली वाहतूक उलटी फिरते. पण प्रत्येक वर्तुळावर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, एवढाच नियम. नाशिकच्या द्वारका चौकातून ॲक्टिव्हा काढणाऱ्या बाईला हे काय कठीण?

हप्ता भाड्याएवढा, हा हिशेब अर्धाच आहे. कागद घेऊन बसा आणि त्यात दुसरी गाडी धरा: तिचा विमा (नव्या चालकाला तो डोळे पांढरे करणारा असतो), रोड टॅक्स, गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी (गाडीची सक्तीची तपासणी), टायर, पेट्रोल. विमा स्वस्त पडावा म्हणून रोज तू चालवतेस ती गाडी नवऱ्याच्या नावानं दाखवू नका. याला इथे फ्रंटिंग म्हणतात. ती फसवणूक धरतात आणि अपघात झाला की विमा कंपनी हात वर करू शकते. रेल्वेचं तेवढं बरं आहे. स्विंडन ते रीडिंग साधारण अर्धा तास, आणि २८ दिवसांत कुठलेही ८ दिवस चालणारं फ्लेक्सी सीझन तिकीट तुमच्या दोन दिवसांना नेमकं बसतं. स्टेशनच्या पार्किंगचे पैसे विसरू नका, सगळे विसरतात.

सासूबाईंची मला तुझ्याहून जास्त काळजी वाटते. रीडिंगला त्या जांभळ्या १७ नंबरच्या बसनं एकट्या गावात जाऊन येत असतील, हो ना? इथे बाग आहे, पण बागेत पाच महिने कोण बसणार? ज्येष्ठांचा फुकट बसपास फक्त इथल्या रहिवाशांना मिळतो, पाहुण्यांना नाही. जानेवारी २०२५ पासून एका फेरीच्या भाड्याला ३ पौंडांची मर्यादा आहे, म्हणजे प्रश्न पैशाचा कमी आणि थांब्याचा जास्त. थांबा पाच मिनिटांवर असेल तर त्या बाहेर पडतील. माझ्या सासूबाईंना बसमध्येच मैत्रीण मिळाली, मडगावची. स्विंडनमध्ये गोवेकर खूप. १९६१ आधी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो, त्यावर आलेले. दोघी कोकणी-मराठीची खिचडी करून बोलायच्या आणि भर बसमध्ये कोकमावर वाद घालायच्या.

मुलासाठी एक जास्तीची कारसीट घेऊन ठेव. १२ वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत ती लागते, आणि दुसऱ्या आईनं लिफ्ट देऊ केली तर तिच्याकडे जादा सीट नसते. मी एका वाढदिवसाहून पोराला घेऊन दोन मैल चालत आले आहे, गिफ्ट बॅग हातात, पाऊस वरून.

रविवारी घर बघितलंत ते ठीक. आता मधल्या वारी जा, नोव्हेंबरात किंवा फेब्रुवारीत, तू आणि मुलगा दोघंच, रेल्वेनं. स्टेशनवरून बस पकड. घरापाशी उतर, शाळेपर्यंत चाल, ॲस्डातून दोन पिशव्या भर आणि बसनंच परत फीर. जावईबापूंनी गाडी घेऊन न्यायला यायचं नाही, ही अट. आणि थांब्यावर उतरल्या उतरल्या परतीच्या बसची वेळ बघून ठेव. मी बघितली नव्हती.