किल्ली आत, दार बंद

प्रश्न : स. न. वि. वि. वेंगुर्ल्यात आमचा काजू-कोकमाचा घरगुती व्यवसाय आहे. अकरा वर्षं आमची डॉट कॉम वेबसाइट आहे. शनिवारपासून तिथे जुगाराच्या जाहिराती दिसतात आणि ऑर्डरचे मेल बंद झालेत. पासवर्ड बदलायला गेले, तर लिंक आमच्याच डोमेनच्या मेलवर जाते, आणि तो मेलच आता आमच्या हातात नाही. डोमेन भाच्याने घेऊन दिलं होतं. परत मिळेल का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : ताई, मिळू शकतं. तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी फोन केला, कारण यात अंक निघेपर्यंत थांबणं परवडत नाही. तेव्हा बोललो ते इतर वाचकांसाठी इथे लिहिते.

आधी ‘हूइज’वर, म्हणजे डोमेनच्या नोंदी दाखवणाऱ्या ऑनलाइन सेवेवर, आपल्या डोमेनची (वेबसाइटच्या नावाची) नोंद बघा. मालकाचं नाव हल्ली बहुधा झाकलेलं असतं, ते सोडा; रजिस्ट्रारची, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीची, ओळ बघा. आपण जिला पैसे भरतो त्याच कंपनीचं नाव असेल, तर चोर बहुधा खात्यात शिरलाय, आणि खातं गोठवून घेता येतं. दुसरीच कंपनी दिसली, तर डोमेन ट्रान्सफर झालंय. तुमचं हे दुसरं निघालं.

अशा वेळी नव्या कंपनीशी वाद घालत बसू नका. आपल्या जुन्या रजिस्ट्रारला लेखी कळवा आणि ‘ट्रान्सफर इमर्जन्सी अ‍ॅक्शन कॉन्टॅक्ट’ वापरा, असं याच शब्दांत सांगा. डॉट कॉमसाठी आयकॅन या डोमेन नावांची व्यवस्था बघणाऱ्या जागतिक संस्थेच्या नियमाने प्रत्येक रजिस्ट्रारला हा संपर्क ठेवावाच लागतो आणि त्यावर ४ तासांत माणसाने उत्तर द्यावं लागतं. आपल्याला तो थेट वापरता येत नाही, एका रजिस्ट्रारने दुसऱ्याला करायचा असतो. कस्टमर केअरला फोन उचलणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर वरिष्ठ मागा. ही सोय सुचली ती अनुभवातून. जानेवारी २००५ मधल्या एका शनिवारी न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीचं डोमेन पळवलं गेलं : नोंदणी ऑस्ट्रेलियात, डीएनएस (नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणाऱ्या नोंदी) ब्रिटनमध्ये, मेल कॅनडात. ऑस्ट्रेलियात सोमवार उजाडला तेव्हा ते परत मिळालं.

तोवर एक काम आजच करा. तुमच्या पत्त्यावरचे मेल आता चोर वाचू शकतो. बँक, जीएसटी, इन्स्टाग्राम, जिथे जिथे तो मेल दिलाय तिथे बदला. मला डोमेनपेक्षा याची काळजी जास्त वाटते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन.

मग प्रश्न येतो पुराव्याचा. २०१४ मध्ये माझं स्वतःचं डोमेन गेलं, तेव्हा कंपनीने विचारलं, तुमचं कशावरून? वडिलांच्या सवयीने मी पावत्या पंच करून फाइलला लावत आले होते. २००६ ची पहिली पावती निघाली, पण शाई इतकी उडालेली की फोटोत नाव दिसेना. खिडकीच्या काचेवर धरून पुन्हा फोटो काढला, तेव्हा अक्षरं उमटली. अकराव्या दिवशी डोमेन हातात आलं. तुमच्या पावत्या भाच्याच्या नावावर आहेत, म्हणून अर्ज त्यालाच करू दे, कार्डाच्या स्टेटमेंटसकट. वेबसाइटचा पत्ता छापलेली कोकमाच्या पाकिटांची जुनी लेबलं आणि बिलंही जोडा.

परत मिळालं की डोमेन तुमच्या नावावर करून घ्या. त्याआधी भाच्याला एक विचारा : नाव बदलल्यावर सहसा ६० दिवस दुसरीकडे ट्रान्सफर करता येत नाही, तेव्हा कंपनी बदलायची असेल तर ती आधी. खात्याचा मेल दुसऱ्या सेवेचा ठेवा, ओटीपी चालू करा, ट्रान्सफर लॉक लावा. हूइजमध्ये ‘क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड’ ही ओळ दिसली की लॉक लागलं. आणि डीएनएसमधल्या एमएक्सच्या ओळी, म्हणजे मेल कुठे पोचवायचे ते सांगणाऱ्या, एकेक करून वाचा. चोराने घातलेली एक ओळ माझ्याकडे आठवडाभर तशीच राहिली होती, आणि तोवर माझे काही मेल त्याच्याकडेच जात होते.