एका हाताच्या सर्वात लांब नखांचा विक्रम खरंच पुण्याच्या माणसाचा आहे का? आणि इतकी नखं वाढतात तरी कशी?

हो, खरंच. श्रीधर चिल्लाळ. शाळेत असताना त्यांच्या हातून शिक्षकांचं जपून वाढवलेलं नख मोडलं आणि बोलणी खावी लागली. बोलणं इतकं लागलं की 1952 पासून त्यांनी डाव्या हाताची नखं कापलीच नाहीत. उजव्या हाताची मात्र नेहमी कापत, त्यामुळे छायाचित्रकाराचं काम करता आलं.

2014 मध्ये गिनीजने मोजमाप केलं तेव्हा पाच नखांची एकूण लांबी 909.6 सें.मी. भरली. नुसत्या अंगठ्याचं नख 197.8 सें.मी.! आता गंमत बघा. माणसाचं नख महिन्याला साधारण 3 मि.मी. वाढतं. 62 वर्षं म्हणजे 744 महिने. भागाकार केला तर अंगठ्याचा वेग महिन्याला जेमतेम 2.7 मि.मी. येतो. म्हणजे वाढ तुमच्याआमच्यासारखीच, वेगळा होता तो फक्त हट्ट. (असा हट्ट पुण्यातच शोभतो, राग नसावा.)

किंमतही मोजावी लागली. झोपेत कूस बदलायची तरी नखं सांभाळून, आणि डावा हात कायमचा निकामी झाला, बोटं मिटेनात. अखेर जुलै 2018 मध्ये न्यूयॉर्कला छोट्या विजेच्या करवतीने ती कापली. नेलकटरचा तिथे काय पाड! नखं तिथल्याच एका संग्रहालयात ठेवली.