नऊ छेद पंचवीस

प्रश्न : लग्नाला 25 वर्षं झाली, म्हणून यंदा दागिना न घेता भिंतीवर चित्र लावायचं ठरवलंय. बडोद्याला शिकलेल्या एका तरुण चित्रकर्तीचं इचिंग आवडलं. खाली पेन्सिलीने 9/25 आणि सही आहे. तेवढ्याच पैशांत एका नामवंत चित्रकाराच्या पेंटिंगचा जिक्ले प्रिंट मिळतोय, 112/250, तोही सहीचा. ह्यांचं म्हणणं, नाव असलेलंच घ्यावं. आणि इचिंग तरी छापीलच ना? मग ओरिजिनल कुठे असतं?
— एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : ताई, इचिंग घ्या. ह्यांना माझं नाव सांगा.

मी पस्तीस वर्षं इचिंगच्या प्रेसवर हात काळे केलेत, तेव्हा माझा कल कुठे असणार हे उघड आहे. पण तुमचा शेवटचा प्रश्न मला दर वर्षी विद्यार्थ्यांचे पालक विचारायचे. इचिंगमध्ये कपाटात दडवलेलं ‘खरं’ चित्र नसतंच. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने रेघा ओढायच्या, पत्रा आम्लात बुडवायचा. रेघा खोल गेल्या की त्यांत शाई भरायची, वरची पुसून काढायची आणि ओलसर कागद ठेवून प्रेसमधून काढायचा. पत्र्यावर चित्र उलटं असतं. सुलटं होतं ते कागदावरच. तुमच्या 9/25 मधला 25 म्हणजे एकूण प्रती आणि 9 हा तुमच्या प्रतीचा नंबर. म्हणजे पंचवीसच्या पंचवीस प्रती ओरिजिनल. छापचित्रकर्ती झरीना हाश्मींचा 1999 सालचा 36 वुडकटांचा, म्हणजे लाकडावर कोरून छापलेल्या चित्रांचा, संच घ्या. एकेक उर्दू शब्द आणि त्याच्याशी जोडलेलं एकेक काळं-पांढरं चित्र. त्याच्याही 25च प्रती आहेत, आणि त्यांना कुणी ‘कॉपी’ म्हणत नाही.

जिक्लेचं नाव फ्रेंच, काम इंकजेटचं. मूळ पेंटिंगचा फोटो काढून चांगल्या शाईने, चांगल्या कागदावर किंवा कॅनव्हासवर छापतात. दिसायला सुरेख दिसतो, मी नाही म्हणत नाही. आजीच्या देवघरातली रविवर्मा प्रेसची लक्ष्मीही पेंटिंगवरूनच छापलेली होती आणि तिच्यावर आपण जीव टाकला. पण तुमच्या जिक्लेत चित्रकाराचा हात लागला तो फक्त सहीला. नुसत्या सहीच्या भरवशावर राहू नये. स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीने कोऱ्या कागदांवर हजारो सह्या करून ठेवल्या होत्या. सही खरी, वरचं चित्र कुणी छापलं देव जाणे!

आता आकड्याबद्दल. 1/25 ही 9/25 पेक्षा भारी, असं समजून लोक पहिल्या नंबरासाठी अडून बसतात. ड्रायपॉइंटमध्ये, म्हणजे आम्ल न वापरता सुईने थेट पत्र्यावर कोरतात त्यात, त्याला थोडा अर्थ आहे, कारण सुईने उठलेली धातूची कोर दाबाखाली लवकर झिजते आणि पुढच्या प्रती फिक्या होतात. पंचवीस प्रतींच्या इचिंगमध्ये किंवा सेरीग्राफमध्ये (जाळीच्या पडद्यातून शाई ढकलून काढलेल्या छापात) फरक शोधूनही सापडत नाही. शिवाय नंबर घालतात ते सगळ्या प्रती वाळल्यावर, गठ्ठ्यातून जशा हाताला लागतील तशा.

त्यापेक्षा चित्रकर्तीला विचारा, ए. पी. किती काढल्या? आर्टिस्ट्स प्रूफ म्हणजे तिने स्वतःसाठी ठेवलेल्या जादा प्रती. पंचवीसला दोन-तीन ठीक. दहा असतील तर ती आवृत्ती पस्तीसची धरा. पुढे आणखी प्रती निघू नयेत म्हणून पत्र्यावर आडव्या रेघा मारून तो रद्द केला का, हेही विचारा. हेच चित्र दुसऱ्या रंगात किंवा आकारात पुन्हा काढायचा विचार आहे का? अवघडल्यासारखं वाटू देऊ नका, चांगल्या छापचित्रकाराला हे प्रश्न आवडतात. शीर्षक, साल, तंत्र, प्रती, ए. पी. एवढं कागदावर तिच्या सहीने लिहून घ्या. आणि घेण्याआधी चित्र उजेडात तिरकं धरा. चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब उठलेला दिसेल, पेन्सिलीची सही चकाकेल.

प्रश्न : दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या लिथोग्राफवर (दगडावरून छापलेल्या चित्रावर) तपकिरी ठिपके आलेत. खोडरबराने जातील का? उन्हात ठेवू का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दोन्ही नको! रबराने कागदाची लव उठते आणि उन्हाने शाई उडते. ठिपके ओलीचे आणि कागदातल्या आम्लाचे आहेत. काढायचे तर कागदाचं काम करणाऱ्या संवर्धकाकडेच द्या. तोवर फ्रेम उघडून बघा. मागे प्लायवूड किंवा साधा पुठ्ठा असेल तर दोषी तोच. माझं स्वतःचं एक वुडकट फ्रेमवाल्याने, मी गावाला गेलो असताना, हार्डबोर्डवर गोंदाने सपाट चिकटवून ठेवलं. ‘साहेब, आता सुरकुती पडणार नाही,’ म्हणाला. पडली नाही, खरंच. पण ते आता त्या हार्डबोर्डवरून निघतही नाही.

नवी फ्रेम करताना आम्लरहित माउंटबोर्ड मागा. प्रिंट वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी, गव्हाच्या खळीने नुसता टांगायचा. सेलोटेप अजिबात नको. काच कागदाला टेकता कामा नये. आणि तुमच्याकडे पावसात पश्चिमेची भिंत ओल धरत असेल, तर चित्र आतल्या भिंतीवर न्या. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून वारा खेळेल.