डिप्रेशनच्या गोळ्यांपैकी सगळ्यात कमी साइड इफेक्ट कोणत्या गोळीचे?

तुम्ही प्रश्नासोबत लिहिलंय की डॉक्टरांनी तुम्हाला एस्सिटालोप्राम लिहून दिलीय, मैत्रिणीला मिर्टाझापिन मानवली, आणि दोन्हींच्या साइड इफेक्टच्या याद्या वाचून तुम्ही अजून पहिली गोळीही घेतलेली नाही. मी डॉक्टर नाही, औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. या गोळ्या रोज माझ्या हातून जातात.

यादी वाचताना आधी बघा की कुठला त्रास जाणारा आहे आणि कुठला मुक्कामाला येणारा. एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन सुरू केल्यावर पहिला आठवडा-दोन आठवडे मळमळतं, डोकं दुखतं, सर्ट्रालिनने पोट ढिलं होतं, कधी बेचैनी उलट वाढते. 'गोळी गरम पडली' म्हणत बरेच जण इथेच सोडून देतात. बहुतेकांचं हे आपोआप ओसरतं. गुण यायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहाही. आधी त्रास आणि मग फायदा, हे कुणी सांगितलेलं नसेल तर माणूस घाबरणारच.

आता मुक्कामाला येणारे. काउंटरवरची गर्दी सरेपर्यंत उगाच टूथपेस्टचे खोके बघत थांबलेला माणूस काय विचारणार, हे मला आता कळतं. एस्सिटालोप्रामच्या गटातल्या गोळ्यांनी कामेच्छा कमी होऊ शकते, बायकांचीही. फक्त बायका विचारत नाहीत. बुप्रोपिऑन आणि मिर्टाझापिन या गोळ्यांनी हा त्रास कमी जणांना होतो. पण बुप्रोपिऑनने झोप उडू शकते आणि फिट येणाऱ्यांना ती देत नाहीत. मिर्टाझापिनने झोप येते, भूक वाढते. तुमच्या मैत्रिणीची झोप आणि जेवण दोन्ही गेलं असेल तर तिला ती लागू पडणारच. तीच गोळी पहाटे गाडी चालवणाऱ्याला किंवा आधीच वजन आणि शुगर वाढलेल्याला जड जाते. स्वस्त, जुनी अमिट्रिप्टिलिन तोंड कोरडं पाडते, बद्धकोष्ठ करते, आणि प्रोस्टेटवाल्या आजोबांची लघवी अडवू शकते.

'सवय लागेल का?' हा रोजचा प्रश्न. स्ट्रिपवर एस्सिटालोप्रामसोबत क्लोनाझेपाम हे शांत करणारं, गुंगी आणणारं औषध लिहिलंय का बघा. अशी जोडगोळी आपल्याकडे सर्रास मिळते आणि सवयीचा धोका त्या दुसऱ्या औषधाचा. नुसत्या एस्सिटालोप्रामची तलफ लागत नाही, पण ती एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनचं हे जास्त. फ्लुओक्सेटिन शरीरात बरेच दिवस राहते, म्हणून एखादी गोळी चुकली तरी जाणवत नाही. कुठलीही बंद करायची तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू डोस उतरवत.

वय पंचविशीच्या आत असेल तर सुरुवातीचे आठवडे घरातल्या कुणाला तरी लक्ष ठेवायला सांगा. जीव द्यावासा वाटला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही चोवीस तास चालू असतो.

डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या, गुडघेदुखीची डायक्लोफेनॅक, ट्रामाडॉल, ॲस्पिरिन, बीपीची लघवीवाटे पाणी काढणारी गोळी, सगळ्या. आणि झोप, वजन, संसार यांतलं काय बिघडलेलं तुम्हाला अजिबात चालणार नाही, ते न लाजता आधीच सांगा. त्यावरून गोळी बदलता येते.