भूगोल दहावीनंतर सुटला, आता लँडस्केपला जमेल का?

प्रश्न : मी साताऱ्याची. बी.आर्क.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे लँडस्केप आर्किटेक्चरमध्ये एम.आर्क. करायचं आहे, पण अभ्यासक्रमात भूरूपं, माती, जलविज्ञान असे विषय पाहून धास्ती बसली. दहावीनंतर भूगोल हातात धरलेला नाही. मला झाडं आणि डिझाइन आवडतं. मॅडम, खडकांचा इतका अभ्यास खरंच लागतो का?

उत्तर : लागतो. मीही तो केला होता, पण परीक्षेपुरता. त्याची किंमत पहिल्याच मोठ्या कामात मोजली. पुण्यात टेकडीच्या उतारावर एका बंगल्याची बाग होती. उतार कापून दोन टप्पे काढले, मध्ये दगडी भिंत बांधली. ऑगस्टमध्ये भिंतीचं पोट फुगलं आणि सप्टेंबरात तिचा मोठा तुकडा आडवा झाला. मी गवंड्याला बोल लावत होते. राडारोडा उपसताना तिथल्या माळीकाकांनी मागच्या कापावर बोट ठेवलं, "ताई, हा गेरू बघा. पाणी खाली उतरत नाही, आडवंच येतं."

आपलं दख्खनचं पठार लाव्हाच्या थरांवर थर साचून झालंय, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. दोन थरांच्या मध्ये कित्येक ठिकाणी माळीकाकांच्या त्या गेरूसारखा लाल, चिकट पट्टा सापडतो. वरच्या भेगाळ खडकातून मुरलेलं पाणी त्याच्यावर अडतं आणि उताराच्या बाजूला झिरपत राहतं. मी नेमका तोच पट्टा कापला होता आणि पुढच्या भिंतीत पाणी निघायला पुरेशी भोकं ठेवली नव्हती. हे सगळं मला वर्गात शिकवलेलं होतं. वहीत आकृतीसुद्धा होती.

काळ्या मातीचंही तसंच. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, आणि वर बसवलेली फरशी दोन वर्षांत वरखाली होते. नर्सरीतून झाडं निवडण्याआधी हातात ढेकूळ घेऊन बघायची सवय लाव.

तुझ्याकडे तर कासचं पठार आहे! त्या सड्यावर, म्हणजे सपाट उघड्या माथ्यावर, जांभ्याचा कातळ आणि त्यावर जेमतेम मातीचा थर. म्हणून मोठी झाडं तिथे तग धरत नाहीत, आणि पाणी कातळावर थांबतं म्हणून सीतेची आसवं ही छोटी वनस्पती फुलते. अन्न कमी असलेल्या जागेत ती बारीक जीव पकडून भागवते. अशा जागी कुणी सुशोभीकरण म्हणून चार ट्रक लाल माती टाकली, तर वर काही दिवस हिरवं दिसेल आणि मूळचं सगळं जाईल. हे नुसती झाडं आवडणाऱ्याला कळत नाही, कातळ समजलेल्याला कळतं. मला या गोष्टीची फार कळकळ वाटते, कारण असली कामं आपल्याच व्यवसायातले लोक करतात.

नकाशाचं म्हणशील तर सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० ची टोपोशीट, म्हणजे उंचसखलपणा दाखवणारा नकाशा, वाचायला आत्ताच शिक. तिच्यावर समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, साधारण दर २० मीटर उंचीला असतात, आणि दोन एकरांचा प्लॉट दोन मिलिमीटरही भरत नाही. डिझाइनसाठी ती पुरणार नाही, त्याला जागेवरचा सर्व्हेच हवा. पण तुझ्या प्लॉटवर पाणी कुठल्या डोंगराकडून येतं आणि कुठल्या ओढ्याला जाऊन मिळतं, हे तिच्यावरच दिसतं. बारीक सर्व्हेवर प्लॉटची हद्द संपली की कागदही संपतो.

या पावसाळ्यात एक कर. यवतेश्वरच्या घाटाने पायी चढ. रस्त्यासाठी जिथे डोंगर कापलाय तिथे थांब, एखादा लाल पट्टा दिसतो का बघ, आणि पाणी त्याच्या वरून ठिबकतंय की खालून, ते तिथेच उभी राहून वहीत काढ. मग तसंच वर कासपर्यंत जा.