ऑइलचा डबा उलटा करून वाचा

इंजिन ऑइल कोणतं टाकावं यावर पुण्यात प्रत्येकाचं मत असतं आणि ते विचारलं नाही तरी मिळतं. गिअरबॉक्स, डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारी पेटी) आणि ब्रेकचा विषय निघाला की मात्र मंडळी ‘मेकॅनिकने टाकलंय काहीतरी’ म्हणून मोकळी होतात. या वेळी त्याच ‘काहीतरी’बद्दलचे प्रश्न एकत्र घेतो.

प्रश्न : ऑक्टाव्हिया आरएस घेऊन महाबळेश्वरहून परतत होतो. पसरणी घाट जरा जोरात उतरलो आणि वाईत चहाला थांबलो. पंधरा-वीस मिनिटांनी निघताना ब्रेक दाबला तर पेडल जवळजवळ तळाला गेलं, दुसऱ्यांदा दाबल्यावर वर आलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये सगळं व्यवस्थित. मेकॅनिक म्हणतो, भास झाला असेल. (एक वाचक, बावधन)

भास नाही, तुमचं ब्रेक ऑइल उकळलं होतं. घाट उतरताना डिस्क आणि पॅड तापतात, पण गाडी चालू असेपर्यंत वारा लागत असतो. तुम्ही चहाला थांबलात आणि वारा बंद झाला. डिस्कमधली उष्णता पॅडमधून कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिस्टनमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये उतरली. म्हणून उतारावर ठीक असलेलं पेडल थांबल्यानंतर मऊ पडलं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, आणि पेडलचा सगळा प्रवास ती वाफ दाबण्यातच संपला. रात्रीत गाडी थंड झाली, वाफेचं पुन्हा ऑइल झालं आणि सकाळी गॅरेजमध्ये दाखवायला काही उरलं नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नळ्यांच्या रबरातून, टाकीच्या झाकणातून ओलावा आत जात राहतो. लोणावळ्या-मुळशीकडचा पावसाळा पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तोच किमान १५५ वर येतो. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०, तर डॉट ५.१ चे २६० आणि १८०. दोन-तीन वर्षं गाडीत राहिलेलं ऑइल म्हणजे दुसऱ्या आकड्याकडे सरकत असलेलं ऑइल, आणि आरएससारख्या वजनदार, जोरदार गाडीला घाटात १५५ गाठणं अवघड नाही.

तुमच्या गाडीला डॉट ४ च लागतं, पण डब्यावर ‘क्लास ६’ किंवा ‘एलव्ही’ लिहिलेलं बघून घ्या. ते पातळ असतं. एबीएस आणि ईएसपी या घसरण रोखणाऱ्या यंत्रणांच्या बारीक झडपांतून ते झटकन फिरावं म्हणून तसं बनवलेलं असतं. त्याचा पातळपणा उणे ४० अंशाला मोजतात, आता पुण्यात उणे ४० कुठून येणार! पण गाडी बनवणाऱ्याने मागितलंय आणि दरात फारसा फरक नाही, तर वाद कशाला?

ऑइल बदलताना शेजारी उभे राहा. पुष्कळ ठिकाणी इंजेक्शनच्या सिरिंजने वरच्या टाकीतलं ऑइल काढून नवीन ओततात आणि ‘झालं’ म्हणतात. टाकी स्वच्छ दिसते, उकळलेलं ऑइल कॅलिपरमध्ये तसंच राहतं. चारही चाकांच्या निपलमधून, चहाच्या रंगाचं जुनं ऑइल संपून फिकट पिवळं येईपर्यंत ब्लीड व्हायला, म्हणजे वाहून जायला हवं. साधारण एक लिटर लागतं. दर दोन वर्षांनी हे करा, वरचेवर घाट करत असाल तर वर्षाने.

आणि उतारावर डीएसजी, म्हणजे तुमचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मॅन्युअल मोडला घेऊन दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर ठेवा. पायथ्याशी पोचल्यावर लगेच थांबू नका, दोन-तीन किलोमीटर हळू चालवून डिस्कला वारा लागू द्या. पुन्हा कधी असं झालंच तर एक खूण लक्षात ठेवा : पेडल मऊ पडून खाली गेलं तर दोष ऑइलचा, पेडल दगडासारखं कडक, जळका वास, पण गाडी थांबत नाही, तर दोष पॅडचा. पॅड तापून निकामी होत असतील तर महागातलं ऑइल ओतून काही होत नाही.

प्रश्न : आय-२० एन लाइन घेऊन कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला जाणार आहे. ब्रेकसाठी मोटुल आरबीएफ ६०० ऑइल घेऊ की कॅस्ट्रॉल एसआरएफ? (एक वाचक, कोथरूड)

आधी पॅड घ्या. कंपनीचे पॅड काही लॅपमध्येच हात टेकतील. मग ऑइल. आरबीएफ ६०० नवीन असताना ३१२ अंशांपर्यंत टिकतं, पाणी मुरल्यावर २०५ च्या आसपास. एसआरएफचे आकडे ३२० आणि २७०. म्हणजे नवेपणी दोघांत फारसा फरक नाही, एसआरएफ जुनं झाल्यावर आपला दम दाखवतं. वर्षातून एकदा ट्रॅकवर जाणार, जाण्याआधी ब्लीड करणार, आल्यावर पुन्हा करणार, तर आरबीएफ ६०० भरपूर झालं. एसआरएफची किंमत ऐकून घरी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. दोन्ही डॉट ४ च्या घराण्यातली आहेत, तुमच्या सिस्टिमला चालतात.

प्रश्न : २०१० ची मॅन्युअल सिव्हिक आहे. सकाळी थंड गाडीत दुसरा गिअर टाकताना खर्रकन आवाज येतो. नाना पेठेत एकाने ८०डब्ल्यू-९० जीएल-५ गिअर ऑइल दिलं, ‘हेवी आहे, आवाज जाईल’ म्हणाला. टाकलं, तर आता तिसराही अडतो. (एक वाचक, चिंचवड)

दुकानदाराचा हेतू चांगला असेल, पण ऑइल चुकीचं दिलं. ते लवकरात लवकर काढून टाका.

गिअर टाकताना पितळी सिंक्रो रिंग गिअरच्या शंकूवर घासते आणि त्या घर्षणाने दोघांचा वेग जुळवते. थोडक्यात, या जागी थोडं घर्षण *हवं* असतं. जीएल-५ दर्जाचं ऑइल बनवलेलं आहे मागच्या डिफरन्शियलमधल्या हायपॉइड क्राऊन-पिनियनसाठी, जिथे दात एकमेकांवर प्रचंड दाबाखाली घसरत फिरतात. म्हणून त्यात गंधक-स्फुरदाची रसायनं गिअरबॉक्ससाठीच्या जीएल-४ च्या जवळपास दुप्पट असतात. त्यांनी दोन गोष्टी होतात. सिंक्रो रिंग घसरते, पकडत नाही. आणि यातलं सक्रिय गंधक गरम ऑइलमध्ये पितळेला हळूहळू खातं. पितळेला धक्का न लावणारी काही नवी जीएल-५ ऑइलंही मिळतात, पण घसरण्याचा प्रश्न त्यांनीही सुटेलच असं नाही. तुमच्या गाडीत इंजिन आडवं आहे, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत आहेत आणि शेवटचे दात हेलिकल (तिरके) आहेत, हायपॉइड नाहीत. म्हणजे जीएल-५ ची त्या पेटीत कुणालाच गरज नाही.

त्यातून ८०डब्ल्यू-९० थंडीत जाड. डिसेंबरच्या सकाळी पुण्यात पारा दहाच्या आसपास असतो, तेव्हा त्या जाड ऑइलमधून सिंक्रोला गिअरचा वेग उतरवता येत नाही. ‘हेवी’ने आवाज दबतो तो गरम झाल्यावर, आणि तुमची तक्रार तर थंड गाडीची आहे.

सिव्हिकमध्ये होंडाचं एमटीएफ (मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल) टाका. ते मिळालं नाही तर तात्पुरतं १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइल चालेल असं होंडाच्या पुस्तिकांत लिहिलेलं असतं, तेवढं वाचलं तरी या गिअरबॉक्सला किती पातळ ऑइल लागतं ते कळेल. इथे एक घोळ कायम होतो : गिअर ऑइलचे आणि इंजिन ऑइलचे आकडे वेगळ्या मापाचे असतात. ७५डब्ल्यू-९० गिअर ऑइल गरम झाल्यावर साधारण ४० नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच जाड असतं. ९० बघून घाबरायचं नाही आणि हुरळायचंही नाही.

एमटीएफ टाकूनही आवाज राहिला तर अशी परीक्षा करा. दुसरा टाकताना न्यूट्रलवर क्लच सोडून पुन्हा दाबा आणि मग गिअर टाका. खाली उतरताना असेल तर मध्ये थोडा ॲक्सिलरेटर द्या. आवाज गेला तर सिंक्रो झिजलाय, तो ऑइलने भरून येत नाही. क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबूनही रिव्हर्स खरखरत असेल, तर क्लच नीट सुटत नाही. तेव्हा क्लचचं हायड्रॉलिक ऑइल बघा. पुष्कळ गाड्यांत ते ब्रेकच्याच टाकीतून येतं आणि वर्षानुवर्षं कुणी बदललेलं नसतं.

प्रश्न : पोलो जीटी टीएसआय, डीएसजी. मित्राच्या ऑक्टाव्हिया आरएसचं डीएसजी ऑइल ६०,००० किलोमीटरला बदललं. मीही बदलू का? (एक वाचक, हिंजवडी)

नाव एक, आतला मामला वेगळा. जुन्या आरएसमध्ये सहा गिअरचा डीक्यू२५०, त्याचे क्लच ऑइलमध्ये बुडालेले. तिथे ६०,००० ला ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलायचं असतं. तुमच्याकडे सात गिअरचा डीक्यू२००, त्याचे क्लच कोरडे. त्याच्या गिअरचं ऑइल वेगळं, मेकाट्रॉनिक युनिटचं (गिअर-क्लच चालवणाऱ्या भागाचं) वेगळं, आणि ६०,००० चा नियम त्याला लागू नाही. मित्राच्या गाडीचं ऑइल तुमच्या गाडीत भुलूनही टाकू नका, उरलेला अर्धा डबा फुकट मिळाला तरी. हिंजवडीच्या संध्याकाळी फूट-फूट सरकताना जो क्लच झिजतो, त्यावर ऑइलचा इलाज नाही. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग ब्रेक सोडा.

प्रश्न : बीएमडब्ल्यू ३३०आय. गिअरबॉक्सचं ऑइल ‘लाइफटाइम’ आहे असं सांगतात. खरंच? (एक वाचक, कल्याणीनगर)

गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षं, यात जे आधी येईल तेव्हा बदला म्हणते. मी बनवणाऱ्याचं ऐकेन. ऑइल झेडएफ लाइफगार्ड ८ किंवा त्या मंजुरीचं. फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, त्यामुळे पॅनसकट बदलतात. पातळी इंजिन चालू ठेवून, ऑइलचं तापमान स्कॅनरवर बघून लावायची असते. ज्या गॅरेजमध्ये ते न बघता ‘निघालं तेवढंच भरू’ म्हणतात, तिथून चावी परत घ्या.

प्रश्न : रॅलीसाठी जिप्सी तयार केलीय, मागे प्लेटवाला एलएसडी (एकच चाक मोकळं फिरू न देणारा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल). ऑइल बदलल्यापासून पार्किंगमध्ये वळताना मागून कटकट आणि हिसके. (एक वाचक, सातारा रोड)

इथे जीएल-५ च हवं, हा हायपॉइड डिफरन्शियल आहे. कटकट येतेय ती प्लेट्स घसरायच्या जागी चिकटून सुटतायत म्हणून. प्लेटवाल्या एलएसडीला घर्षण कमी करणारं ॲडिटिव्ह लागतं. काही ऑइलांत ते आधीच असतं, डब्यावर ‘एलएस’ लिहिलेलं असतं. तुमच्यात नसणार. ॲडिटिव्हची बाटली आणा आणि थोडं थोडं घाला. प्रत्येक वेळी मोकळ्या मैदानात, लायसन्सच्या टेस्टला काढतो तसे आठ दोन्ही बाजूंनी काढा, म्हणजे ते प्लेट्समध्ये शिरेल. कटकट थांबली की हात आवरा. जास्त झालं तर एलएसडी साध्या डिफरन्शियलसारखा वागेल आणि पैसे पाण्यात. टॉर्सनसारखा दातांवर चालणारा असता तर यातलं काहीच लागलं नसतं.

गिअरबॉक्सला मात्र जीएल-४, डबे वेगळे ठेवा. ऑइल काढण्याआधी वरचा, भरायचा बोल्ट सुटतोय का ते बघा. तो गंजून बसलेला असेल आणि खालून सगळं ऑइल वाहून गेलं असेल तर गाडी तिथेच अडकली. काढलेल्या बोल्टच्या चुंबकावर करडी, लोण्यासारखी पेस्ट असेल तर काळजी नको. बोटाला टोचेल असा तुकडा लागला तर डिफरन्शियल उघडावा लागेल. ओढा ओलांडल्यावर ऑइल दुधाळ निघालं तर पाणी ब्रीदरमधून (हवा जाण्याच्या भोकातून) शिरलंय. त्याला नळी लावून ती बॉनेटपर्यंत वर घ्या.

प्रश्न : डॉट ५ हे डॉट ४ पेक्षा वरचं ना? (एक वाचक, सिंहगड रोड)

नाही. डॉट ५ सिलिकॉनचं, बहुधा जांभळ्या रंगाचं. डॉट ३, ४ आणि ५.१ ग्लायकॉलची. डॉट ५ त्यांच्यात मिसळत नाही, आणि एबीएसच्या गाडीत टाकायचं नसतं. तुम्हाला वरचं हवं असेल तर ५.१ म्हणा, आणि दुकानदाराने ‘एकच आहे’ म्हटलं तर दुसरं दुकान गाठा.

प्रश्न : मागच्या वर्षी उघडलेली ब्रेक ऑइलची अर्धी बाटली आहे. झाकण घट्ट लावलं होतं. वापरू का? (एक वाचक, औंध)

नको. बाटलीतल्या रिकाम्या अर्ध्यातही हवाच होती. सायकलच्या चेनलाही घालू नका, रंगावर सांडलं तर रंग उठतो. गाडीवर सांडलंच तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.