धाडीत सापडलेली बहीण सुधारगृहात: शिक्षा किती होईल?

परभणी जिल्ह्यातली एक बाई आमच्या मदत केंद्रावर आली. धाकटी बहीण 26 वर्षांची, नवऱ्यापासून वेगळी राहणारी. छत्रपती संभाजीनगरात लॉजवर वेश्याव्यवसायाच्या संशयावरून पोलिसांची धाड पडली आणि तिला सुधारगृहात ठेवलं. “ताई, किती वर्षांची शिक्षा होईल हो?” धाडीनंतर येणारे बहुतेक नातेवाईक हेच विचारतात.

आधी एफआयआरची नक्कल आणायला सांगितली. पिटा कायद्यातली (अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा, 1956) कलमं 3, 4, 5 अड्डा चालवणारा, त्या कमाईवर जगणारा आणि बाईला धंद्यात ओढणारा यांच्यासाठी आहेत. बाईवर लागतात ती सहसा 7 आणि 8: शाळा-देवळाजवळ धंदा, गिऱ्हाइकाला उघड बोलावणं. इथं मॅनेजरवर 3, 4, 5 होती. बहिणीचं नाव ‘पीडिता’ म्हणून. मग शिक्षा कसली आणि जामीन कसला? तरी कुलूप बाहेरूनच होतं.

हे कुलूप कलम 17 चं. चौकशी चालू असताना मॅजिस्ट्रेट तीन आठवड्यांपर्यंत ताब्यात ठेवू शकतात. पुढे संरक्षणाची गरज वाटली तर एक ते तीन वर्षं. म्हणून पहिले तीन आठवडे महत्त्वाचे. परिविक्षा अधिकारी (कोर्टासाठी चौकशी करून अहवाल देणारा) वय, घरची परिस्थिती, पाठीशी कोण आहे हे तपासतो. इथंच गाडी अडते: लाजेपोटी नाव-पत्ता खोटा सांगितलेला असतो, मग आधार कार्ड जुळत नाही आणि अहवाल विरोधात जातो. या बहिणीनंही गाव चुकीचं सांगितलं होतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील घेतला (बाईला उत्पन्नाची अट नाही, फोन 15100), खरा पत्ता आणि वयाचा दाखला शपथपत्रावर दिला. न वाचता सही करू नकोस, असाही निरोप दिला. कारण सुधारगृहात राहण्याचा अर्जही बाईच्याच नावानं करता येतो, कलम 19.

झडतीला दोन महिला पोलीस होत्या का, जबाब महिला पोलिसानं घेतला का, हेही वकिलाला विचारायला लावलं. 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सज्ञान बाईला तिच्या इच्छेविरुद्ध असं डांबता येत नाही, असं म्हटलं. तो निकाल अर्जाला जोडला.

थोरली मात्र “ताबा मलाच द्या, गावाकडं नेते” यावर अडून होती. सज्ञान बाईचा ताबा कुणाला द्यायचा नसतो, हे तिला दोनदा समजवावं लागलं. सुटल्यावर बहीण मैत्रिणीच्या खोलीवर गेली. जप्त मोबाईल परत मिळण्याचा अर्ज अजून कोर्टात आहे.